आई दुखणं लहानीलाच सांगायची

आईचं हृदय कमजोर झालं त्या वर्षी मी माझ्या धाकट्या बहिणीवर जितकी जळले, तितकी लहानपणीही जळले नव्हते. लहानपणी निदान कारण तरी होतं. ती शेंडेफळ होती. आई तिला कुशीत घेऊन झोपायची आणि माझ्या वाट्याला आईची पाठ यायची. पण आता मी सत्तावन्न वर्षांची, पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर बसणारी, चष्मा लावलेली बाई. माझा मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला. या वयात आई कोणाशी जास्त बोलते यावरून जळफळाट व्हावा, हे मला कोणाला सांगताही येत नव्हतं.

आम्ही दोघीच बहिणी. आई मला 'मोठी' म्हणते आणि तिला 'लहानी'. वडील गेल्यावर आईला मी नागपूरला माझ्याकडे आणलं. लहानीचं सासर नागपूरजवळच्या कुहीचं. घरी धानाची शेती, सासू-सासरे, दोन म्हशी. तिच्याकडे आईला ठेवणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तसं व्हायलाही नको होतं. आई माझ्याकडे आली तेव्हा मनात कुठेतरी वाटलं होतं, चला, आता माझी पाळी.

दुखण्याची सुरुवात एका लग्नात झाली. मंगल कार्यालयाचा जिना चढताना आई मध्येच थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. घाम नाही, हात दुखत नाही, काही नाही. फक्त दम. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी गॅसची गोळी दिली. आठवडाभराने आंघोळ करून बाहेर आल्यावरही तिला तसाच दम लागला, तेव्हा त्यांनीच ईसीजी काढला, पट्टी बराच वेळ न्याहाळली आणि धंतोलीतल्या हृदयाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली.

ईसीजीच्या कागदावर खाली छापलेलं होतं, 'बंडल ब्रँच ब्लॉक'. मी ऑटोत बसल्या बसल्या तो शब्द वाचला. ब्लॉक म्हणजे नळी बंद, नळी बंद म्हणजे अटॅक, एवढंच मला माहीत होतं. हृदयाच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हा ब्लॉक रक्ताच्या नळीतला नाही. हृदयाला ठोक्याचा इशारा पोचवणारी वायर असते ना, तिच्यातला अडथळा आहे. घरात पाण्याची पाइपलाइन वेगळी आणि लाइटची वायरिंग वेगळी, तसं. पण वायरिंग बिघडलंय म्हणजे भिंतीत काय झालंय तेही बघावं लागेल. इको करू."

इको म्हणजे सोनोग्राफीच, पण हृदयाची. आई डाव्या कुशीवर झोपली होती आणि पडद्यावर तिचं हृदय हलताना दिसत होतं. रिपोर्टमध्ये एक आकडा आला, ईएफ पस्तीस टक्के. आमच्याकडे पस्तीस म्हणजे काठावर पास. मला हायसं वाटलं आणि मी तसं बोललेही. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यात शंभरपैकी शंभर कोणालाच मिळत नाहीत. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. चांगल्या हृदयाचाही पंचावन्न ते सत्तरच्या आसपास असतो. आईंचा पस्तीस आहे. म्हणजे पंप चालू आहे, पण जोर कमी झालाय."

पुढे अँजिओग्राफी झाली. नळ्यांत मोठा अडथळा निघाला नाही. स्नायूच दमला होता, बहुतेक वर्षानुवर्षांच्या बीपीने. गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी. पाणी मोजून. रोज सकाळी वजन करायचं, कारण दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. आणि आईला त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "आडवं झाल्यावर दम लागला, झोपेतून गुदमरून जाग आली, पाय सुजले, कोरडा खोकला सुटला, तर थांबायचं नाही. लगेच कळवायचं. छातीत दुखलंच पाहिजे असं काही नसतं. बायकांना पुष्कळदा दुखतच नाही. नुसता थकवा येतो, मळमळतं, पाठ नाहीतर जबडा भरून येतो."

आईने मान हलवली. "हाव."

हे सगळं मी शिकले. दोन-तीन महिन्यांत मला ईसीजी, इको, पोटॅशियम, क्रिएटिनिन, सगळ्यांचे अर्थ लागायला लागले. कोणती गोळी बीपीची, कोणती ठोके आवरायची, कोणती पाणी काढायची, मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. नवरा म्हणायचा, निवृत्तीनंतर दवाखाना टाक. मला ते आवडायचं. आईचं हृदय आता माझ्या ताब्यात होतं, असंच काहीतरी वाटायचं.

आणि रोज दुपारी आई लहानीला फोन करायची.

मी ऑफिसात असताना करायची, त्यामुळे मला ते कितीतरी दिवस कळलंच नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी मी घरात असताना तिचा आवाज ऐकला. माझ्याशी बोलतानाचा आवाज मला ठाऊक होता. "जेवली." "घेतली गोळी." "बरी आहो." तीन शब्दांच्या पुढे गाडी जायची नाही. लहानीशी बोलताना तोच आवाज लांबत होता, हसत होता, मध्येच कुरकुरत होता. म्हशीला रेडकू झालं का, सासूचा गुडघा कसा आहे, धान किती झालं. आणि मग आवाज खाली जायचा. मी स्वयंपाकघरात उभी राहून कान द्यायची, पण काही ऐकू यायचं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारायची, "काय म्हणे लहानी?"

"काई नाई. असंच."

माझ्या घरात राहून, माझ्या हातच्या गोळ्या घेऊन, मी भरलेलं रिचार्ज वापरून ती सगळं माझ्या बहिणीला सांगत होती. मला 'असंच' मिळत होतं.

लहानी धान मळून झाल्यावर आली. दर हिवाळ्यात एकदा ती चार दिवस राहायला येते. एसटीतून उतरली तीच दोन पिशव्या घेऊन. एकीत नवीन तांदूळ, दुसरीत आईसाठी मिठातल्या मिरच्या, सांडगे, आणि तिच्या सासूने घातलेलं लिंबाचं लोणचं. आई दिवाणावरून उठून दारापर्यंत गेली. मी संध्याकाळी ऑफिसमधून येते तेव्हा ती टीव्हीवरून मान वळवते, तेवढंच. मी लोणच्याची बरणी पाहिली आणि म्हटलं, "हे आईले चालत नाई. मीठ बंद आहे तिचं."

"थोडंसं वं ताई. तोंडाले चव नाई म्हणते थे."

"मले तं नाई म्हटलं कधी."

लहानीने बरणी उचलून आत नेऊन ठेवली. जेवताना मात्र आईच्या ताटात कोपऱ्याला लोणच्याची फोड होती. मी ती पाहिली आणि बोलले नाही, कारण बोलले असते तर मी मीठ मोजणारी आणि ती माया करणारी ठरली असती. तशी ती ठरलेलीच होती.

त्या चार दिवसांतल्या रविवारी मी सीताबर्डीला गेले. आमच्या घरचा वजनकाटा जुना, स्प्रिंगचा. रोज वेगळंच वजन दाखवायचा. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला अंकांचा काटा घ्यायचा होता. दोन-तीन दुकानं फिरून तो घेतला आणि मेट्रोने परतले. दार लोटलेलंच होतं. नवरा बाहेर गेला होता. चप्पल काढताना मला आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"आडवी झाली का छातीत दाटून येते वं. मंग उठून बसतो. बसलं का मोकळं वाटते."

"रोज होते का?"

"रोजच. दोन उशा घेतो, तरी होते. आता तं खुर्चीतच बरं वाटते मले."

"अन् पाय?"

"हे पाय काय, पाय. मोजे घालून ठेवतो म्हणून मोठीले दिसत नाई. ते पाण्याची गोळीही मी एक दिवसाआड घेतो. घेतली का दिवसभर बाथरूमले पळा लागते. तू तिले सांगू नको."

मी काट्याचं खोकं हातात धरून तशीच उभी राहिले. मला सगळं समजत होतं. आडवं होता न येणं म्हणजे काय, दोन उशा म्हणजे काय, पाय सुजणं म्हणजे काय, गोळी चुकवली की पाणी कुठे जाऊन साठतं. डॉक्टरांनी सांगितलेलं एकेक लक्षण आई पाठ केल्यासारखं म्हणत होती. मला आधी भीती वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. आधी मनात आलं ते एवढंच, की हे तिने तिला सांगितलं. मी रोज सकाळी विचारते, कसं वाटतंय, पायाला सूज आहे का, झोप लागली का. मला ती म्हणते, बरी आहो. आणि हे सगळं, अगदी मला हवं होतं तसं, एकामागून एक, ती तिला सांगते.

मी आत गेले. दोघी दिवाणावर होत्या. आईचे पाय लहानीच्या मांडीवर आणि मोजे खाली फरशीवर. घोट्यापाशी मोज्याच्या रबराचा खोल चर उमटला होता. मी कधीपासून हे मोजे पाहत होते! थंडीत फरशी गार लागते म्हणून घालते, असं तिने सांगितलं होतं आणि मी तिला आणखी एक जोडी आणून दिली होती.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं. आईला नाही, लहानीला.

लहानीचा चेहरा पडला. "ताई, ऐक न."

"कधीपासून माहीत आहे तुले?"

"दिवाळीपासून म्हणे थे. मले वाटलं वयामुळं..."

"वयामुळं! अन् तू लोणचं घेऊन आली! मिरच्या घेऊन आली! मी इथं चिमटीनं मीठ टाकून राहिली अन् तू बरण्या भरून आणते! उशी पायजे तं तुले सांगते, पाय सुजले तं तुले सांगते, अन् मी कोण आहो? मी फक्त दवाखान्याचं बिल देणारी?"

शेवटचं वाक्य बोलले आणि मलाच ते खोटं वाटलं. बिलाचा काही प्रश्न नव्हता. पण खरं होतं ते तोंडातून निघत नव्हतं. आई म्हणाली, "काहून ओरडून राहिली वं? तिचा काय दोष?"

तिचा दोष नाही, हेही तीच ठरवणार होती. मी ऑटो बोलावला.

रविवार असला तरी डॉक्टर दवाखान्यात होत्या. आम्ही तिघी आत गेलो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आईला विचारलं, "काय आजी, कसं वाटतंय?"

आई म्हणाली, "बरी आहो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लहानीकडे पाहिलं. आणि मग माझ्याच घरात राहणाऱ्या माझ्या आईचं दुखणं माझ्या बहिणीने सांगितलं, कुहीहून येऊन. आडवं झाल्यावर काय होतं, किती वेळ होतं, कोणत्या कुशीवर जास्त होतं. पहाटे खोकल्याने जाग येते. जेवण दोन घासांत पुरे होतं, पोट फुगल्यासारखं वाटतं. लुगडं कमरेला घट्ट व्हायला लागलंय. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. लहानी बोलत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ती पिशवी कोणी मागितलीही नाही.

डॉक्टरांनी आईच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग मानेची शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला. "छातीत पाणी आहे. भरती करावं लागेल."

"पण पंधरा दिवसांपूर्वीच इको केला होता," मी म्हटलं. "ईएफ पस्तीसच आहे. कमी झाला नाही." माझा आवाज भांडल्यासारखा निघाला.

"आकडा तोच राहील," डॉक्टर म्हणाल्या. "तो पंपाचा जोर सांगतो. अंगात किती पाणी साठलंय ते तो सांगत नाही. आकडा तोच असून पेशंट चालताफिरता असू शकतो आणि तोच आकडा असून आयसीयूत असू शकतो. आपल्याला पेशंटला विचारावंच लागतं."

मी विचारते हो, असं मला म्हणायचं होतं. रोज विचारते.

मग त्यांनी खाण्याचं विचारलं. लोणचं, पापड, सांडगे? लहानी खाली पाहायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हळूच म्हणाली, "मीच आणलं." मला बरं वाटलं. आई तिथे दम लागून बसली होती आणि मला बहिणीचा उतरलेला चेहरा पाहून बरं वाटत होतं. डॉक्टर मात्र तिला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर आणखी आठवडा गेला असता आणि मग अवघड झालं असतं." म्हणजे तिथेही तीच वरचढ.

आईला शिरेतून पाणी काढायचं इंजेक्शन सुरू झालं. रक्ताची तपासणी झाली. हृदयावर ताण आला की रक्तात एक द्रव्य वाढतं, ते पुष्कळ वाढलेलं होतं. वॉर्डात एकाच माणसाला थांबता येणार होतं. सिस्टरने विचारलं, "कोण थांबतंय?" मी बॅग उचलली. आई म्हणाली, "लहानी राहू दे."

मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र होतं, लाल आणि निळ्या नळ्यांचं. मला त्यातली प्रत्येक नळी ओळखता येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आईजवळ बसला आणि आम्ही दोघी खाली कँटीनमध्ये गेलो. पोहे मागवले. लहानीने त्यावर ओतायची झणझणीत रश्श्याची तर्री घेतली नाही. मी म्हटलं, "घे न, तुले काय मीठ बंद आहे?" ती रडायलाच लागली. पोह्यांची प्लेट समोर, आजूबाजूला माणसं, आणि ही पदराने नाक पुसते.

"मले भेव वाटे, ताई," ती म्हणाली. "रोज फोन आला का मी वावरात कुठं तरी बाजूले जाऊन बसो. ऐको अन् दिवसभर छातीत धडधड होये. सासूले सांगता येत नाई, नवऱ्याले सांगतलं तं म्हणे, तुह्या बहिणीजवळ आहे न, तुले काय टेन्शन."

"मग मले काहून नाई सांगतलं? एक फोन करा लागत होता."

तिने चमच्याने पोहे इकडून तिकडे केले. "तुले सांगतलं असतं तं तू लगेच तिले दवाखान्यात नेलं असतं. अन् तिले समजलं असतं का मी सांगतलं. मंग मलेही सांगणं बंद केलं असतं तिनं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्याजवळ तं आई आहे, ताई. माह्याजवळ काय आहे? थो फोनच आहे."

माझ्याजवळ आई आहे, हे तिला खरंच तसं वाटत होतं. कुहीत बसून ती माझा हेवा करत होती. सकाळी उठलं की आई समोर, संध्याकाळी आलं की आई समोर. मला हे ऐकून तिच्याबद्दल माया वाटायला हवी होती आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की चल, अदलाबदल करू. तू घे घरातली आई, मला दे फोनवरची.

चार-पाच दिवसांत आईच्या अंगातलं पाणी उतरलं. पाय पुन्हा पूर्वीसारखे सडपातळ झाले, घोट्याची हाडं दिसायला लागली. एका उशीवर आडवी झाली आणि सपाट झोपली. घरी आणायच्या आदल्या दिवशी लहानी आंघोळीला आणि कपडे आणायला घरी गेली होती, तेव्हा आईजवळ मी होते. मी ठरवलं होतं विचारायचं नाही. तरी विचारलं.

"आई, मी रोज विचारतो तुले. मले काहून नाई सांगतलं?"

आई खिडकीकडे पाहत होती. "तुले सांगतलं का तू मोबाईलमध्ये लिहून घेते."

"मग डॉक्टरले सांगा लागते न."

"हाव. पण लिहून घेतलं का थे बिमारी होते. लहानीले सांगतलं का नुसती गोष्ट राहते." मग म्हणाली, "लहानी म्हणते, हो का वं माय. बस. मले तेवढंच पायजे राहते."

"अन् मी?"

आईने मान वळवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुह्याकडं पाहून नाई सांगता येत मले. तुहं तोंड एवढुसं होते. तुह्या बापाच्या वेळी झालतं तसं. दिवसभर हापिस, घरी आली का माह्या गोळ्या, त्यातून अजून तोंड उतरवून बसशीन. मले पाहवत नाई."

माझं तोंड तेव्हाही उतरलं असणार, कारण तिने लगेच खिडकीकडे नजर फिरवली.

घरी आल्यावर आम्ही बहिणींनी एक गोष्ट ठरवली. लहानी कुहीला जायला निघाली तेव्हा मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले आणि तिथे म्हटलं, "आई तुले जे सांगीन ते तू मले त्याच दिवशी सांगशीन. आईले नाई कळू देणार मी." ती लगेच हो म्हणाली नाही. तिला ते चुगलीसारखं वाटत होतं. मी तिला उशांचं समजावलं, एकीच्या दोन झाल्या तर काय आणि दोनाच्या तीन झाल्या तर काय. वजन, खोकला, पोट फुगणं. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छाती आवळून घाम फुटला तर फोनवर बोलत बसायचं नाही, आधी मला लावायचा. ती लक्ष देऊन ऐकत होती. बस आली तेव्हा म्हणाली, "सांगतो. पण तू माह्यावर ओरडू नको."

तेव्हापासून असं चालतं. मी ऑफिसात असते. दुपारी माझ्या घरातून माझी आई कुहीला फोन करते. अर्ध्या तासाने कुहीहून माझा फोन वाजतो. "ताई, आज पायात जडपणा आहे म्हणे. चप्पल रुतते म्हणे." मग मी संध्याकाळी घरी जाते, आई म्हणते बरी आहो, मी म्हणते बरं. आणि सकाळचं वजन राहिलं, असं म्हणून सहज तिला काट्यावर उभी करते. एकदा खरंच दोन किलो वाढलेले निघाले. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पाण्याची गोळी थोडे दिवस वाढवली आणि भरती न करता भागलं. बाजूच्या खोलीतली बातमी मला चाळीस किलोमीटर फिरून मिळते. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची पोरगी विचारते, मॅडम, घरी कोण आजारी आहे? मी म्हणते, आई. कुहीला असते का? नाही, माझ्याचकडे असते.

आईला हे कळलं आहे की नाही, मला बरेच दिवस समजत नव्हतं. मग एकदा तपासणीला गेलो. या वेळी आम्ही दोघीच. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? आई म्हणाली, बरी आहो. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "हिले विचारा. हिले सगळं माहीत राहते."

मी सांगितलं. उशी एकच, पण मागच्या आठवड्यात दोन रात्री दुसरी घेतली. खोकला नाही. जिना चढताना मध्ये एकदा थांबते. तोंडाला चव नाही, लिंबू पिळलं तर जेवण जातं. लिंबाचं कालच कुहीहून कळलं होतं. डॉक्टर लिहून घेत होत्या. आई पदर सारखा करत माझं बोलणं ऐकत होती, जसं शेजारच्या कोणा बाईबद्दल चाललं आहे. तिने एकदाही विचारलं नाही की हे तुला कोणी सांगितलं.

घरी परतताना ऑटोत मी म्हटलं, "आई, तुले माहीत आहे न?"

"काय?"

"लहानी मले सांगते ते."

"मले काय माहीत," आई म्हणाली. मग ऑटो सिग्नलला थांबला तेव्हा म्हणाली, "तिले सांगतलं का तुले समजते. मले सोपं जाते."

म्हणजे मी ज्याला आडून ऐकणं समजत होते, ते आईने मला धाडलेलंच होतं. मला त्याचा आनंद झाला, झाला नाही असं म्हणणार नाही. पण घरी येऊन तिला पाणी दिलं, पाकिटातून गोळी काढून दिली, स्वयंपाकाला लागले, आणि आतून तिचा आवाज आला. फोन लागला होता. तो लांबणारा, हसणारा आवाज. "अवं, डॉक्टरीण बाई म्हणे, छान आहे तुमची तब्येत. हाव. मोठी होती न संगं. तिनं सगळं बरोबर सांगतलं."

मी गॅस बारीक केला आणि कान दिला. माझ्याबद्दल ती आणखी काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. पण तेवढ्यात म्हशीचा विषय निघाला.